शेवटच्या बांधीचा उजेड

सिंदटोल्यातल्या कोणालाही विचारा, हरिदास पाणकराला दुपारी कुठं शोधायचं, तर तो हात वर करून तलावाची पाळ दाखवेल. पाळीवर एक मोहाचं झाड आहे. बारा वाजले की हरिदास त्याच्या बुडाशी टॉवेल पसरायचा, डोळ्यांवर टोपी ओढायचा आणि अर्ध्या जागेपणात, अर्ध्या झोपेत पडून राहायचा. फाल्गुनात फुलं गळायची. अंगावर पडली तरी तो उचलायचा नाही. फुलांच्या वासानं माणसाला गुंगी येते म्हणतात, पण खोटं कशाला बोला, हरिदासला गुंगीसाठी फुलांची गरज नव्हती.

झाडासमोर पाळीच्या उतारावर सोलरच्या प्लेटा ओळीनं मांडल्या होत्या, आणि नाल्याच्या काठावर, एका आंब्याशेजारी, एक खांब होता. खांबाला पत्र्याची पेटी, पेटीला कुलूप, कुलपाची किल्ली हरिदासच्या कमरेच्या करगोट्याला. पेटीत एक खटका. वर केला की प्लेटांची वीज सिंदटोल्याच्या बॅटरीत जायची, खाली केला की तार नाला ओलांडून पलीकडच्या खुर्साटोल्याला जायची. पलीकडचं गाव जंगलाच्या सावलीत. त्यांची बॅटरी लहान, प्लेटा मोजून अकरा, त्याही दुपारपर्यंत साजाच्या झाडांआड. म्हणून दोन गावांनी तार जोडून घेतली होती. तालुक्याच्या सावली गावाकडून येणारी मोठी लाईन जंगलातून यायची, एखादी फांदी पडली की चार दिवस अंधार. तिच्या भरवशावर कोण बसणार?

खटका आपोआप फिरवणारं यंत्र आधी होतं, ते वीज पडून जळलं. मग माणूस पाहिजे झाला. गाव म्हणालं, वाटणीचं काम आहे ना, मग पाणकरालाच द्या. हरिदासनं तीस वर्षं तलावाचं पाणी वाटलं होतं. तलावाच्या तोंडाला पाणी सोडायचा तुडूम असतो, त्याची लाकडी खुंटी कधी काढायची, कधी ठोकायची, कोणाच्या बांधीत, धानाच्या खाचरात, पाणी किती वेळ राहू द्यायचं, हे सगळं त्याच्या पायांना पाठ होतं. वाटणीवरून भांडण झालं तर त्याचा शब्द शेवटचा असायचा. त्याच्या हातानं कोणाचं धान वाळलं, असं तीस वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. हरिदासजवळ तेवढंच होतं. दीड एकर वावर आणि ते नाव.

भद्रावतीहून आलेल्या संघप्रिया मॅडमनं, त्या सोलरच्या कामावरच्या इंजिनियर, पेटीच्या झाकणावर आतून कागद चिकटवला होता. ‘सकाळी पहिले आपली बॅटरी पूर्ण भरा. भरली की उरलेली वीज खुर्साटोल्याला.’ हरिदासला वाचता येत होतं. त्यानं तो कागद दोनदा वाचला आणि मनात म्हणाला, बाई शिकलेली आहे, पण लिहिताना उलटं पडलं बिचारीचं.

कारण तलावाचा कायदा त्याला ठाऊक होता. पाणी शेवटच्या बांधीला पहिले. तुडमाजवळच्याचं काय, त्याला कधीही मिळतं. शेवटच्याला आधी भिजवा, मग मागं मागं येत स्वतःचं भिजवा. हा कायदा कोणी लिहिला नव्हता, म्हणून कोणी मोडलाही नव्हता. हरिदासनं मॅडमची चूक मनातल्या मनात दुरुस्त केली, तिला वाईट वाटू नये म्हणून कोणाला सांगितलंही नाही. सकाळी ऊन प्लेटांवर आलं की खटका खाली, खुर्साटोल्याला. दुपारी एकला, खांबाची सावली आंब्याच्या मुळीला टेकली की खटका वर, आपल्या गावाला. तीन वर्षं हे असंच चाललं.

आणि तीन वर्षांत सिंदटोल्याची बॅटरी मेली. सात वर्षं चालायची होती.

संघप्रिया मॅडम मार्कंड्याची जत्रा संपली त्या आठवड्यात आल्या. बॅटरीच्या खोलीत तासभर काय काय तपासलं, मीटरमधले आकडे कागदावर उतरवले आणि सरळ पाळीवर आल्या. हरिदास उठून बसला.

"जयभीम, काका. झोप मोडली का?"

"जयभीम. झोप कसली, पडलो होतो. बसा."

मॅडम सावलीत बसल्या. कागद मांडीवर ठेवला. "काका, बॅटरी उपाशी मेली. तिला दुपारनंतरचंच ऊन मिळालं. एक दिवस पोटभर नाही. अर्ध्या पोटी राहिली की बॅटरी आतून खराब होते."

हरिदासनं तलावाकडं पाहिलं. मग त्यानं तलावाचा कायदा सांगितला, शेवटच्या बांधीपासून सगळा, आणि त्यांचा कागद आपण कसा सुधारून घेतला तेही सांगितलं. मॅडम ऐकत राहिल्या. त्यांना हसावं की रडावं ते कळेना. शेवटी म्हणाल्या, "चूक माझीच. मी कागद लावून गेले, तुम्हाला विचारलं नाही."

हरिदासला वाटलं, संपलं. पण त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"एवढं मात्र कळत नाही. तीन वर्षं खटका रोज एकला फिरलाय. या दिवाळीनंतर तो दीडला फिरायला लागला. रोज. हा अर्धा तास कोणत्या कायद्याचा?"

हरिदास टॉवेलची घडी घालू लागला. चांगल्या घरची पोर, तिनं स्वतःच वाट काढून दिली. "डुलकी लागत असेल, काका. वय झालं."

"लागते," हरिदास म्हणाला. "डुलकी लागते."

मॅडम गेल्या. परवा सकाळी दोन्ही गावांची बैठक होती, नवीन बॅटरीचा खर्च कोणी किती द्यायचा यासाठी. सिंदटोल्यात लोक उघड बोलायला लागले होते, की द्यायचं काहीच नाही, तारच तोडा. आपलं ऊन आपल्याला. आणि तार तुटली तर पलीकडं काय होणार, ते हरिदासला गावातल्या कोणाहीपेक्षा जास्त माहीत होतं.

पलीकडं त्याची लेक होती. हर्षा. खुर्साटोल्यात दिलेली. तिथं पाच बायका कोशाचं रेशीम काढायच्या. आधी मांडीवर काढायच्या, उकडलेल्या कोशाचं सूत मांडीवर वळत वळत, दिवसभर. हर्षाची आई मनकर्णा एकदा तिच्याकडं राहून आली आणि चुलीपुढं बसून म्हणाली, "पोरीच्या मांडीची कातडी पाह्यली म्या. बैलाच्या खांद्यासारखी झाली. तिनं लुगडं झाकून घेतलं, पन म्या पाह्यलं." तार आली, मशिनी आल्या, तेव्हा ते थांबलं. मशिनी सकाळच्या उजेडावर चालायच्या, नऊ ते एक. दिवाळीत हर्षा माहेरी आली तेव्हा सहज बोलून गेली, की कोसे यंदा लय झाले, एकला मशीन बंद पडते, उरलेलं मंग मांडीवर काढावं लागते. सहजच बोलली. काही मागितलं नाही.

त्या दुपारी मॅडम गेल्यावर हरिदास पुन्हा आडवा झाला. झोप लागली की नाही कोण जाणे. त्याला दिसलं, की तलाव भरलेला आहे, पण पाण्यानं नाही. उजेडानं. मोहाच्या फुलांसारखा पिवळट, दाट उजेड, आणि त्याला मंद लाटा. त्यानं तुडमाची खुंटी काढली. उजेड पाटात उतरला आणि कडेच्या गवताला लागत, सावकाश, एका बांधीतून दुसरीत जाऊ लागला. हरिदास कुदळ खांद्यावर घेऊन त्याच्या पुढं चालत होता. पाटाच्या मातीत थोडा उजेड मुरत होता आणि मुरला तिथं माती उबदार लागत होती पायाला. शेवटच्या बांधीत हर्षा उभी होती, लहान, सात-आठ वर्षांची, गुडघाभर उजेडात, आणि त्यात धानाचं एकेक रोप लावत होती. तिनं वर पाहिलं. म्हणाली, "बा, पुरे झालं. बंद कर." आणि हरिदासला खुंटी सापडेना. सगळ्या पाळीवर शोधली. त्याच्या मुठीतच होती.

उठला तेव्हा टोपी घामानं भिजली होती. खांबाची सावली आंब्याच्या मुळीपुढं जाऊन केव्हाच लांबली होती.

बैठक शाळेच्या व्हरांड्यात भरली. सकाळचं ऊन फरशीवर आडवं पडलं होतं. खुर्साटोल्याची माणसं नाला उतरून आली, त्यांत हर्षाही, काखेत एक गाठोडं. तिनं बापाकडं पाहिलं, पण जवळ आली नाही. मॅडमनं खर्च सांगितला, आणि वाटणीच्या तीन रीती सांगितल्या. घरांवर, वापरावर किंवा प्लेटांवर. तीन रीतींवर तेरा मतं पडली. शेवटी भैयाजी उठला. भैयाजी म्हणजे सिंदटोल्यातला मोठा आवाज. धोतर पांढरं आणि डोकं गरम.

"वाटनी गेली चुलीत," तो म्हणाला. "पयले हे सांगा, आमची बॅटरी मारली कोनं? मीटर काय खोटं बोलते? तीन वर्स आमचं सकाळचं ऊन तिकडं गेलं. काऊन गेलं? कारन पानकराची पोरगी तिकडं हाय. बाप हाय तो, समजतो मी. पन मंग किल्ली कायले घेतली?"

मॅडम मध्ये पडल्या. पाणीवाटपाची रीत त्यांनी सांगितली, कागद न विचारता लावला ही आपली चूक सांगितली. आणि अर्ध्या तासाचं निघालं, तेव्हा म्हणाल्या, "काकांची डुलकी लागत होती. वयाचं असतं."

लोक हसले. हरिदासच्या डुलकीवर गावात तीस वर्षं हसत आले होते. भैयाजीच्या ओठाचा कोपराही हलला. सगळं तिथंच मिटलं असतं. हरिदासला ते दिसत होतं, की आपण नुसतं खाली पाहून बसलो तरी मिटतं, तार राहते, नाव राहते. हर्षा गाठोड्यावर हात ठेवून त्याच्याकडं एकटक पाहत होती. तो उठून उभा राहिला.

"सकायचं ऊन म्या तलावाच्या कायद्यानं सोडलं," तो म्हणाला. "त्याची मले लाज नाई. पन तो अर्धा तास डुलकी नोहोती. मी जागा होतो. रोज एक वाजता सावली मुळीले टेकलेली दिसे, आन मी डोळे मिटून घेऊ. मनाले सांगू, हरिदास, तू झोपला हाय. पोरीसाठी केलं. तीस वर्सात मुठीतली खुंटी कोनासाठी ढिली केली नाई, ते आता केली."

त्यानं करगोट्याची किल्ली सोडली. गाठ घट्ट होती, वेळ लागला. किल्ली त्यानं फरशीवर मॅडमपुढं ठेवली आणि भिंतीला टेकून बसला. त्याला फार थकल्यासारखं झालं होतं. भैयाजी काही बोलणार होता, पण मागच्या बायकांतून त्याचीच बायको बोलली.

"पोरीचा अर्धा तास चुकला, तो त्यानं कबूल केला," रंभा म्हणाली. "पन सकायच्या उन्हाचं बोलून राह्यले, ते सांगा. तलावाखाली शेवटची बांधी कोनाची हाय?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. शेवटची बांधी भैयाजीची होती.

"तीस वर्स आपल्या बांधीत पानी पयले आलं," रंभा शांतपणे म्हणाली. "तवा नाई म्हटलं कधी, का हरिदासभाऊ, कायदा उलटा हाय. आन पाळीवर माती टाकाले जवळच्यानं दोन टोपल्या, शेवटच्यानं एक. तुमी एकच टाकली. काऊन, तर म्हने वाटेत पानी मुरते, आपल्याले कमी पोचते. मुरलेलं पानी सगळ्यायचं. हे तुमचेच बोल हायेत."

भैयाजीनं पागोटं काढलं, मांडीवर ठेवलं, पुन्हा घातलं. त्यानं बायकोशी वाद घालायची हिंमत पूर्वी एकदा केली होती, तो अनुभव ताजा होता. मॅडमनं हळूच विचारलं, की म्हणजे खर्चाच्या तीन टोपल्या? दोन सिंदटोल्याच्या, एक खुर्साटोल्याची? आणि मेलेल्या बॅटरीचं?

"ते मुरलं," खुर्साटोल्याचा एक म्हातारा म्हणाला. "सगळ्यायचं मुरलं."

तेव्हा हर्षा उठली. ती मधे आली, गाठोडं फरशीवर ठेवलं आणि सोडलं. आत रेशमाच्या पाच लड्या होत्या, कोशाच्या मूळ रंगाच्या, मधासारख्या. उन्हात त्या एकदम पेटल्यागत दिसल्या.

"भिंतीवर मॅडमनं टाईम लावला हाय, एक वाजेपर्यंत," ती म्हणाली. "दिवाळीनंतर मशीन दीडपर्यंत चालाले लागली. बाकीच्या म्हनल्या, चुकून येऊन राह्यलं. मी म्हटलं, चुकून नाई. मले माहीत होतं कोन जागा हाय ते." तिनं एक लडी उचलली. "पन ते एकट्या बाचं नोहोतं. म्हनून एकच्या पुढचं सूत आमी पाची जनींनी अलग ठिवलं. एक तार विकली नाई. हे तुमचं हाय."

हरिदासनं लेकीकडं पाहिलं आणि मग पाहवेना. रोज डोळे मिटून त्यानं जे पाठवलं होतं, ते तिनं रोज उघड्या डोळ्यांनी बाजूला ठेवलं होतं. त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. कोणी त्याच्याकडं पाहिलं नाही, हा गावाचा चांगुलपणा.

किल्लीचा प्रश्न राहिला. भैयाजी थोडा मऊ झाला होता, पण मागं हटला म्हणवून घ्यायचं नव्हतं. त्यानं अट घातली, की किल्ली अशाला द्या, ज्याचा नाल्यापलीकडं सोयरा नाही. मग मोजणी सुरू झाली. एकाची बहीण तिकडं, दुसऱ्याची सासू तिकडं, तिसऱ्याच्या मामाची तीन घरं तिकडं. अर्धा तास मोजलं. उभ्या सिंदटोल्यात असा माणूस निघेना, आणि खुर्साटोल्याचं तर विचारूच नका. भैयाजीची स्वतःची सून तिकडचीच होती आणि ती दारात उभी राहून हे ऐकत होती.

"मंग त्या पोरीलेच द्या," भैयाजी शेवटी म्हणाला. "हर्षाले. बापाचा अर्धा तास जिनं खाल्ला नाई, ते दुसऱ्याचा काय खाईन."

मॅडमनं किल्ली उचलून हर्षाच्या हातात दिली. आणि नवीन कागद लिहिला, या वेळी सगळ्यांना विचारून. दिवसाआड पाळी. एक दिवस एका गावाची बॅटरी पोटभर, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावाची. खुर्साटोल्याच्या दिवशी मशिनीही संध्याकाळपर्यंत. पहिला दिवस कोणाचा, ते लिहायचं राहून गेलं.

नवीन बॅटरी चैत्रात आली. हरिदासचा करगोटा हलका झाला होता आणि त्याचा हात सारखा तिथं जायचा. काम नसलेल्या माणसाला दुपार फार लांब वाटते. ज्या दिवशी वीज सुरू होणार होती, त्या सकाळी तो उगीच पाळीवर जाऊन पडला. मोहाची फुलं संपत आली होती. डोळे मिटले. त्याला झोप हवी होती, खरी. त्याला पाहायचं नव्हतं, की आपल्या ठिकाणी दुसरं कोणी खटका फिरवतं.

कोणीतरी खांदा हलवला. मनकर्णा होती.

"उठा ना. बॅटरीच्या खोलीतला हिरवा दिवा लागला. आपल्याकडं येऊन राह्यलं."

हरिदास उठून बसला. सकाळचे नऊ. हे चुकलं. पोरीनं पहिल्याच दिवशी खटका उलटा फिरवला, आता तिच्या गावात तिलाच बोल लागणार. तो टोपी न घेताच उतरणीनं निघाला, प्लेटांच्या ओळींमधून. नाल्याच्या काठावर हर्षा खांबाशी उभी होती, डोक्यावर पदर, पेटीला कुलूप लावत होती.

"हर्षा, खटका वर पडला," तो म्हणाला. "उलटं झालं. पयले तुह्या गावाले द्याले पायजे होतं. शेवटच्याले पयले."

"शेवटच्यालेच देल्लं, बा."

"आमी कुठी शेवटचे? प्लेटा आमच्याकडं."

हर्षानं किल्ली कमरेला खोचली. मग त्याला दंडाला धरून वळवलं, तोंड सिंदटोल्याकडं करून, जसं ती माहेरी येताना नाला चढून पाहायची तसं.

"माह्याकडून पाहा," ती म्हणाली. "मोज."

त्यानं पाहिलं. आधी नाला, तो पाठीशी. मग प्लेटा, मग पाळ, मोहाचं झाड, तलावाचं पाणी, पलीकडं गावाची कौलं. आणि कौलांच्या अगदी टोकाला, सगळ्यांत मागं, त्याचं स्वतःचं घर. तीस वर्षं त्यानं शेवटच्या बांधीकडं पाहिलं होतं, पण तिथून आपल्याकडं कधी पाहिलं नव्हतं.

हरिदास तिथंच नाल्याच्या काठावर खाली बसला. हर्षाला नाला उतरून घरी जायचं होतं, तरी ती थोडा वेळ बापाजवळ बसून राहिली.